एकाच चुकीचे दोन अर्थ : मुली, गणित आणि रूढ समजुती

तुम्ही लिहिले आहे, की तुमची सातवीतली मुलगी चौथीपर्यंत गणिताची उदाहरणे आवडीने सोडवत असे, आता मात्र ‘गणित हा माझा विषयच नाही’ असे म्हणू लागली आहे. तिचे गुण थोडेसेच घसरले आहेत, पण पुढे संधी मिळताच हा विषय सोडायचा, असे तिने मनाशी ठरवून टाकले आहे. मुलींचा कल भाषांकडेच असतो, उगाच तिच्या मागे लागू नका, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. हा फरक उपजत असतो की भोवतालच्या समजुतींतून घडतो, आणि आई-वडील म्हणून आपण नेमके काय करावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी अनेक वर्षे शाळेत गणित शिकवले आहे आणि आता गणिताच्या शिक्षकांना प्रशिक्षण देते. त्या अनुभवावरून आणि या विषयावरील संशोधन वाचून माझे मत असे झाले आहे, की रूढ समजुतींचा परिणाम निश्चित होतो, परंतु तो आपण समजतो त्या वाटेने होत नाही. ‘मुलींना गणित जमत नाही’ असे मुलीच्या तोंडावर बोलणारी माणसे आता कमी झाली आहेत, त्यामुळे ती समजूतच नाहीशी झाली असे आपल्याला वाटते. पण मुलीच्या गुणांचा, चुकांचा आणि यशाचा आपण जो अर्थ लावतो, त्यात ती शिल्लक असते. मुलाला गणितात कमी गुण मिळाले, की त्याने अभ्यास केला नाही असे म्हटले जाते. मुलीला तेवढेच गुण मिळाले, की तिला ते जड जाते असे म्हटले जाते. मुलाला चांगले गुण मिळाले तर त्याचे डोके चालते, मुलीला मिळाले तर ती कष्टाळू आहे. मुलाच्या अपयशाचा जो अर्थ लावला जातो, त्यात सुधारण्याचा उपाय त्याच्याच हाती राहतो. मुलीच्या अपयशाच्या अर्थात तो कोणाच्याच हाती राहत नाही. तुमच्या मुलीचे ते वाक्य याच अर्थ लावण्याच्या सवयीतून आले असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

आधी उपजत फरकाविषयी. जॅनेट हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील दहा राज्यांच्या शालेय परीक्षांमधील सत्तर लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल तपासून २००८ मध्ये असे दाखवले, की दुसरी ते अकरावीपर्यंत मुला-मुलींच्या सरासरीत दखल घेण्याजोगा फरक नाही. जगभरातील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘पिसा’ चाचणीच्या २०२२ च्या फेरीत विकसित देशांच्या सरासरीत मुले गणितात नऊ गुणांनी पुढे होती. या चाचणीत एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांमध्ये शे-दोनशे गुणांचे अंतर सहज असते, हे लक्षात घेतले म्हणजे नऊ गुणांचे वजन कळते. त्याच फेरीत सतरा देशांत आणि प्रदेशांत मुली मुलांच्या पुढे होत्या. फरक उपजत असता, तर तो देश बदलताच उलटा झाला नसता. मनातल्या मनात आकृती फिरवून पाहण्याच्या कौशल्यात मात्र सरासरी फरक स्पष्टपणे आढळतो, परंतु ते कौशल्य सरावाने मुला-मुलींमध्ये सारखेच वाढते, हेही वारंवार दिसून आले आहे.

फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तर या वादाचा केंद्रबिंदूच हलवला, असे मला वाटते. तेथे पहिलीत प्रवेश घेणाऱ्या मुलांची देशभर चाचणी होते. पंचवीस लाखांहून अधिक मुलांच्या या माहितीत असे दिसले, की शाळा सुरू होताना मुला-मुलींच्या गणितात जवळजवळ काहीही फरक नव्हता. चार महिन्यांनी घेतलेल्या पुढच्या चाचणीत मुलगे मुलींच्या पुढे गेलेले होते आणि वर्षभरात ती दरी आणखी रुंदावली होती. या दरीचा संबंध मुलांच्या वयाशी कमी आणि शाळेत घालवलेल्या काळाशी जास्त होता. जो फरक शाळेच्या पहिल्या चार महिन्यांत उभा राहतो, त्याचे कारण शोधायचे तर गणित औपचारिकपणे शिकवले जाऊ लागल्यावर मुलीच्या अवतीभवती काय बदलते, हेच पाहावे लागेल. समजूत तोपर्यंत हवेत असते. गणित नावाचा विषय, त्याची वही आणि त्याचे गुण आले, की तिला बसायला जागा मिळते.

गती आणि गोडी या दोन गोष्टी येथे वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मुलीला गणित येते की नाही हा एक प्रश्न, आणि तिला ते आपले वाटते की नाही हा दुसरा. पहिल्या बाबतीत मुली मुळीच मागे नाहीत असे म्हणण्यासारखी स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे. दुसऱ्या बाबतीत मात्र त्या लवकर बाजूला होतात, आणि ते इतक्या लहान वयात घडते की पालकांच्या ते ध्यानातही येत नाही. लिन बियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान मुलांना एका ‘खूप खूप हुशार’ व्यक्तीची गोष्ट सांगितली, मात्र ती व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे सांगितले नाही, आणि नंतर चित्रांमधून ती व्यक्ती ओळखायला सांगितले. पाच वर्षांची मुले आणि मुली आपापल्या बाजूची व्यक्ती निवडत होती. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये स्त्रीची निवड करण्याचे प्रमाण कमी झाले होते. पुढे जेव्हा ‘हा खेळ खूप हुशार मुला-मुलींसाठी आहे’ असे सांगितले, तेव्हा या वयाच्या मुलींना त्या खेळात कमी रस वाटला; तोच खेळ ‘खूप प्रयत्न करणाऱ्या मुला-मुलींसाठी’ आहे असे सांगितल्यावर मुला-मुलींमध्ये फरक राहिला नाही. आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी, की शाळेत चांगले गुण कोणाला मिळतात असे विचारल्यावर याच मुली मुलींचे नाव घेत होत्या. म्हणजे आपल्याला गुण मिळतात हे त्यांना ठाऊक होते, परंतु ते गुण हुशारीचा पुरावा आहेत असे त्यांना वाटत नव्हते.

ही बुद्धीची झळाळी गणिताशी विशेष जोडली गेली आहे. उपजत प्रतिभेशिवाय ज्या विषयात निभाव लागत नाही असे त्या विषयातले अभ्यासक स्वतःच मानतात, त्या विषयांत डॉक्टरेट मिळवणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमी असते, असे २०१५ मध्ये तीस विद्याशाखांच्या पाहणीत आढळले होते. तत्त्वज्ञानाचा समावेशही त्यांत होतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ आकड्यांच्या भीतीचा नाही.

आता मुलीला ‘कष्टाळू’ म्हणण्याविषयी. ही स्तुती वाईट हेतूने कोणी करीत नाही, आणि कष्टांचे कौतुक करावे असे आम्हीच पालकांना सांगत असतो. परंतु १९८० च्या दशकात डोरिस यी आणि जॅकलिन एकल्स यांनी पालकांच्या मुलाखतींतून दाखवून दिले, की मुलगा गणितात चांगला असेल तर पालक त्याचे श्रेय त्याच्या बुद्धीला देण्याकडे झुकतात आणि मुलगी तितकीच चांगली असेल तर तिच्या मेहनतीला. दोघांनाही मेहनतीचे श्रेय दिले तर उत्तमच. एकाला बुद्धीचे आणि दुसरीला मेहनतीचे दिले, तर मुलगी त्यातून अचूक निष्कर्ष काढते : मला जे येते ते घाम गाळल्यामुळे येते, म्हणून गणित जसजसे कठीण होत जाईल तसतशी माझी पुंजी संपणार आहे. सातवीच्या आसपास, जेव्हा पाठ करून भागत नाही असे प्रकरण प्रथम समोर येते, तेव्हा तिला वाटते की ती वेळ आली.

वर्गात हे कसे घडते ते एका साध्या उदाहरणावरून सांगते. फळ्यावर १००३ वजा ९९८ लिहा. वर्गातील बऱ्याच मुली उभी मांडणी करतात, शून्यांमुळे हजाराच्या घरापर्यंत जाऊन उसने घेतात, प्रत्येक घरावर छोटा आकडा लिहितात आणि पाच हे उत्तर नीटनेटके काढतात. एखादा मुलगा मांडणी न करताच म्हणतो, ९९८ मध्ये दोन मिळवले की हजार झाले आणि वर तीन राहिले, म्हणून पाच. शिक्षक मुलीच्या वहीवर ‘छान मांडणी’ असा शेरा देतात आणि मुलाला म्हणतात, ‘वा, डोके लावलेस!’ दोघांचे उत्तर बरोबर आहे आणि दोघांचे कौतुकही झाले आहे. पण मुलीला सांगितले गेले की शिकवलेली रीत पाळणे हे तिचे बलस्थान आहे, आणि मुलाला सांगितले गेले की रीत बाजूला ठेवून विचार करणे हे त्याचे. एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करून १९९८ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत नेमके हेच होते : साध्या बेरीज-वजाबाकीत मुले-मुली बरोबरीची होती, पण मुली शिकवलेल्या रीतीचा आधार अधिक घेत आणि मुले स्वतः शोधलेल्या युक्त्या अधिक वापरत; तिसरीच्या शेवटी अनोळखी स्वरूपाची उदाहरणे दिली तेव्हा मुले पुढे होती. त्याच अभ्यासात ज्या मुलींनी सुरुवातीपासून स्वतःच्या युक्त्या वापरल्या होत्या, त्याही अशा उदाहरणांत चांगल्या ठरल्या. म्हणून मुलगी रीतसर उत्तर काढते तेव्हा तिला शाबासकी देऊन थांबू नये. ‘मांडणी न करता हे काढता येईल का, तुझी स्वतःची वाट कोणती’ असे विचारून तिला तेथे थोडा वेळ रेंगाळू द्यावे. आज्ञाधारकपणाची सवय जिच्या अंगी लहानपणापासून बाणवलेली असते, तिला रीत मोडण्याची परवानगी मोठ्या माणसाने स्पष्ट शब्दांत द्यावी लागते.

शिक्षकांच्या बाबतीत मी जे पाहिले आहे तेही सांगितले पाहिजे. प्रशिक्षणात आम्ही शिक्षकांना एकमेकांच्या तासाला बसून केवळ एकच नोंद करायला सांगतो : विद्यार्थ्याचे उत्तर चुकल्यानंतर शिक्षक पुढे काय करतात? मुलगा चुकला, की शिक्षक म्हणतात, ‘पुन्हा बघ, कुठे घसरलास ते शोध.’ मुलगी चुकली, की आवाज मऊ होतो, शिक्षक बाकाशी जातात, तिच्या हातातली पेन्सिल घेतात आणि तिच्याच वहीत ती पायरी लिहून देतात. हे मायेने केले जाते, आणि नोंदी वाचून दाखवल्यावर शिक्षकांना मनापासून आश्चर्य वाटते. पण ज्या पायरीवर विचार करायचा होता ती पायरी त्या मुलीच्या हातून काढून घेतली गेली, आणि तुझ्याकडून होणार नाही हा संदेश एकही कठोर शब्द न उच्चारता तिच्यापर्यंत पोहोचला. ही सवय स्त्री शिक्षकांमध्येही तितकीच असते. सियान बायलॉक यांच्या गटाने २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या शिक्षिकांच्या स्वतःच्या गणितभीतीचा अभ्यास केला. वर्षाच्या आरंभी त्या भीतीचा आणि विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा संबंध नव्हता. वर्षाच्या शेवटी अधिक घाबरणाऱ्या शिक्षिकांच्या वर्गातील मुलींमध्ये ‘मुले गणितात चांगली, मुली वाचनात चांगल्या’ ही समजूत अधिक आढळली, आणि ज्या मुलींनी ती स्वीकारली होती त्यांचेच गणित मागे पडले होते. मुलांवर असा परिणाम दिसला नाही. इटलीतील शाळांविषयी मिशेला कार्लाना यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही, गणिताच्या शिक्षकाच्या मनात नकळत वसलेली समजूत जितकी घट्ट, तितकी त्या वर्गातील मुली अधिक मागे पडल्या, स्वतःला कमी लेखू लागल्या आणि पुढे कमी कठीण अभ्यासक्रमांकडे वळल्या, असे दिसले.

या विषयावर वाचताना तुमच्या समोर आणखी एक कल्पना हमखास येईल, ती म्हणजे परीक्षेच्या क्षणी समजुतीची आठवण झाल्याने मुलींची कामगिरी खालावते. स्पेन्सर, स्टील आणि क्विन यांनी १९९९ मध्ये गणितात चांगल्या असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कठीण चाचणी दिली. या चाचणीत स्त्री-पुरुषांत फरक आढळतो असे सांगितले तेव्हा स्त्रिया मागे पडल्या, आणि फरक आढळत नाही असे सांगितले तेव्हा त्या पुरुषांच्या बरोबरीने उतरल्या. हा प्रयोग फार गाजला. काळजी मनात घोळत राहिली, की आकडेमोडीसाठी लागणारी तात्पुरती स्मृती त्यातच अडकते, हे त्याचे स्पष्टीकरण पटण्यासारखेही आहे. मात्र पुढे शाळकरी मुलींवर झालेल्या अभ्यासांची एकत्रित छाननी केली तेव्हा परिणाम लहान निघाला आणि अनुकूल निष्कर्षच अधिक छापले गेल्याची चिन्हेही दिसली. नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर आधीच आराखडा जाहीर करून केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर तो परिणाम आढळलाच नाही. म्हणून परीक्षेच्या आधी दोन धीराचे शब्द बोलले की झाले, अशी अपेक्षा मी ठेवत नाही. नुकसान परीक्षेच्या दालनात एका तासात होत नाही. ते वर्षानुवर्षे प्रत्येक चुकीनंतर काय बोलले गेले यातून साचत जाते, आणि दुरुस्तीही तेथेच करावी लागते.

मुलीच्या स्वतःच्या शब्दांकडे आता पाहू. थॉमस गोएट्झ यांच्या गटाचा २०१३ मधील एक अभ्यास मला पालकांना सांगण्यासाठी फार उपयोगी वाटतो. ‘तुम्हाला गणिताची किती भीती वाटते’ असे प्रश्नावलीतून विचारले, तेव्हा मुलींनी मुलांपेक्षा जास्त भीती नोंदवली. परंतु प्रत्यक्ष गणिताच्या तासाला आणि परीक्षेच्या वेळी, त्या त्या क्षणी किती भीती वाटते असे विचारले, तेव्हा मुला-मुलींच्या उत्तरांत फरक नव्हता. याचा अर्थ मुली खोटे सांगतात असा नाही. स्वतःविषयी सर्वसाधारण विधान करताना माणूस आपल्या अनुभवाबरोबर आपल्याविषयीची ऐकीव माहितीही त्यात मिसळतो, असा आहे. ‘गणित हा माझा विषयच नाही’ हे तसेच सर्वसाधारण विधान आहे. त्यावर वाद घालू नका आणि ‘असे म्हणू नये’ असा उपदेशही करू नका. त्याऐवजी एखादे उदाहरण ती सोडवत असताना शेजारी बसा आणि नेमके कोठे अडले ते पाहा.

माझ्या अनुभवात सातवीतल्या या वाक्याखाली बहुधा अपूर्णांक, ऋण संख्या किंवा बीजगणिताची सुरुवात यांपैकी काहीतरी दडलेले असते. एक चाचणी घरीच करता येईल. तिला १/२ आणि १/३ यांची बेरीज करायला सांगा. उत्तर २/५ आले, तर लगेच बरोबर रीत सांगू नका. २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान, एवढेच विचारा. ते अर्ध्यापेक्षा लहान आहे हे तिच्या लक्षात येईल, आणि मग अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे झाले, हा प्रश्न तिला स्वतःलाच पडेल. तो पडण्यासाठी तिला हवा तेवढा वेळ घेऊ द्या आणि पेन्सिल तिच्याच हातात राहू द्या. छेद म्हणजे तुकड्याचा आकार, आकार वेगळे असतील तर नुसते तुकडे मोजून चालत नाही, हे तिने स्वतः म्हटले, की ‘मला गणित येत नाही’ याची जागा ‘मला छेद सारखे का करायचे ते कळले नव्हते’ हे वाक्य घेते. त्या चुकीला आता ठिकाण आहे आणि ती दुरुस्त होऊ शकते. मुलांच्या चुकांना असे ठिकाण आपण सहज देतो. मुलींच्या चुकांना ते जाणीवपूर्वक द्यावे लागते, एवढाच काय तो जास्तीचा प्रयत्न तुमच्याकडून हवा आहे.

घरात बोलल्या जाणाऱ्या दोन वाक्यांबद्दल मी आग्रहाने सांगेन. एक, ‘मलाही लहानपणी गणित जमायचे नाही’. आई हे मुलीला जवळ घेऊन म्हणते, आणि त्या क्षणी मुलीला बरेही वाटते. पण गणित न जमणे हा घराण्याचा वारसा आहे आणि तो तिच्याकडे आला आहे, असेही त्यातून ठरून जाते. दुसरे, ‘असू दे, प्रत्येकाला गणित यायलाच हवे असे नाही’. हे वाक्य शिक्षक फार वापरतात. अनीता रतन, कॅथरिन गुड आणि कॅरोल ड्वेक यांनी २०१२ मध्ये दाखवले, की अशा सांत्वनाने विद्यार्थ्यांचा उत्साह कमी होतो आणि शिक्षकाची आपल्याकडून अपेक्षाच नाही असे त्यांना वाटते. काय बदलून पाहावे हे ज्यांना सांगितले गेले, त्यांना तसे वाटले नाही. तुम्हाला स्वतःला गणिताची धास्ती असेल, तर रोज गृहपाठ घेऊन बसणे टाळलेले बरे, कारण गणिताला घाबरणाऱ्या पालकांनी वारंवार मदत केल्यास लहान मुलांचे शिकणे कमी होते, असे २०१५ मधील एका अभ्यासात आढळले आहे. अशा वेळी तिने तुम्हाला समजावून सांगावे आणि तुम्ही खरेखुरे प्रश्न विचारावेत, हा मार्ग दोघींनाही मानवतो.

थोर स्त्री गणितज्ञांची चरित्रे वाचायला द्यावीत का, असे पालक नेहमी विचारतात. द्यावीत, पण त्यांतला योग्य भाग दाखवून. मरियम मिर्झाखानी यांना २०१४ मध्ये गणितातील अत्यंत प्रतिष्ठेचे फील्ड्स पदक मिळाले. १९३६ पासून दिल्या जाणाऱ्या या सन्मानाच्या त्या पहिल्या महिला मानकरी होत्या, आणि दुसऱ्या, मरिना व्याझोव्स्का, २०२२ मध्ये झाल्या. सातवीतल्या मुलीला पदकापेक्षा मिर्झाखानी यांच्या शाळेतील एक वर्ष अधिक सांगण्यासारखे आहे. त्या वर्षी त्यांचे गणित चांगले गेले नाही, त्यांच्यात विशेष गुण नाही असे शिक्षिकेला वाटत होते आणि त्यांचा आत्मविश्वास ढळला होता. पुढच्या वर्षी उत्तेजन देणारी शिक्षिका लाभली आणि कामगिरी झपाट्याने सुधारली. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये त्यांनी पैकीच्या पैकी गुण मिळवले. तिकडे एका वर्षाच्या गुणांचा अर्थ कायमचा लावला गेला असता तर काय झाले असते, हे मुलीला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मात्र फार झगमगीत आदर्श उलटेही पडू शकतात, कारण आपल्याला तेथवर पोहोचणे शक्य नाही असे मुलींना वाटते. ओळखीतली एखादी स्त्री जी रोजच्या कामात गणित वापरते, तिच्याबरोबरचा एक तास अधिक कामी येतो. फ्रान्समधील बारावीच्या वर्गांत विज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रियांनी दिलेल्या तासाभराच्या भेटींनी गणितात चांगल्या असलेल्या मुलींची पुढील निवड बदलल्याचे दिसले आहे, आणि या क्षेत्रात स्त्रिया किती कमी आहेत यावर फार भर न देता कामाविषयी सांगितले तेथे परिणाम अधिक चांगला झाला. मुलींसमोर सतत ‘तुमच्याविरुद्ध समजुती आहेत’ असे बोलत राहण्याबाबत माझ्या मनात म्हणूनच शंका आहे.

एक गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींच्या बाजूनेही मान्य केली पाहिजे. ज्या विद्यार्थ्यांना गणित आणि भाषा दोन्ही उत्तम येतात त्यांच्यापुढे पर्याय जास्त असतात, आणि अशा दुहेरी गती असलेल्यांमध्ये मुलींचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे गणितात चांगली असूनही मुलगी दुसरीकडे वळली, तर प्रत्येक वेळी तो समजुतींचा बळी असतो असे नाही. तुमच्या मुलीला भाषा खरोखरच आवडत असेल तर त्यात आनंदच आहे. तपासायचे आहे ते एवढेच, की ती भाषेकडे ओढली जात आहे की गणितापासून ढकलली जात आहे. ओढली जाणारी मुलगी भाषेविषयी बोलते; ढकलली जाणारी गणिताविषयी बोलते. तुम्ही जे वाक्य लिहिले आहे ते गणिताविषयी आहे, म्हणून मला काळजी वाटते.

संख्या लहान-मोठी ओळखणे, घड्याळ पाहणे, साधी मोजदाद करणे यांत तिला अगदी लहानपणापासून अडचण येत असती, तर मी आधी तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायला सांगितले असते; चौथीपर्यंत आवडीने उदाहरणे सोडवणाऱ्या मुलीबाबत त्याची गरज दिसत नाही. विषय सोडण्याचा निर्णय या वर्षी घ्यायचा नाही, तो निवडीची वेळ येईल तेव्हा घेऊ, एवढे तिच्याशी शांतपणे ठरवून घ्या, म्हणजे रोजचा वाद थांबेल. तोवर अपूर्णांक आणि ऋण संख्या यांची डागडुजी करा. शाळेत शिक्षकांना भेटायला जाल तेव्हा ‘तिला गणित जड जाते’ अशी सुरुवात करू नका, कारण शिक्षक ते वाक्य लक्षात ठेवतील आणि पेन्सिल हातात घेतील. तिच्या वहीतील तीन-चार चुकलेली उदाहरणे बरोबर न्या, मुलीलाही सोबत घ्या, आणि यांत तिचा विचार कोठपर्यंत बरोबर होता एवढेच त्यांना विचारा. शक्य असेल तर ते उत्तर शिक्षकांनी तुमच्याकडे न पाहता तिच्याकडे पाहून द्यावे, अशी विनंती करायलाही संकोच करू नका.